तोंडातून शब्द निघत नसेल तर लिहिलेला कागद चालू द्या, मंत्रीसाहेब

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना,

सर नमस्कार. हिवाळी अधिवेशनाला तुम्ही नागपूरला येता तेव्हा मोर्चेवाले आपापल्या मागण्या ओरडून सांगतात, पण मी ज्यांच्यासाठी लिहून राहिले त्यांना ओरडणं सोडाच, मानसोपचाराच्या डॉक्टरसमोर चार वाक्यं बोलणंही जमत नाही. मी त्यांच्यातलीच.

घरून निघताना सगळं पाठ असतं, आणि खुर्चीत बसलं का घसाच आवळून येतो. हा हट्ट नाही सर, नाटक तर नाहीच, खूप भीती किंवा जुना धक्का असला का असं होते, डिप्रेशनमध्ये होते, अडखळत बोलणाऱ्यांचं तर विचारूच नका. मग सोबत आलेली आई बोलते, तिला जेवढं दिसते तेवढं, म्हणजे झोप नाही, जेवण नाही, चिडचिड करते, आणि केसपेपरवर तेवढंच उतरते. आईसमोर जे सांगताच येत नाही ते राहूनच जाते, अन् खरं दुखणं बहुतेक वेळा तिथंच असते.

माझ्या काउन्सेलर मॅडमनी यातून रस्ता काढला. घरून लिहून आण म्हणाल्या, मोबाईलमध्ये टाईप केलेलं पण चालेल, जे आज नुसतं वाचायचं, बोलायचं नाही, त्याला खूण कर. त्या माझ्यासमोरच वाचायच्या, मग मान हलवून उत्तर देता येईल असे प्रश्न, त्रास किती ते ० ते १० मध्ये बोटांनी दाखवायचं, आणि मी गप्प बसले तर घाई नाही. आवाज हळूहळू नंतर आला, पण उपचार त्याच्या आधीच सुरू झाले होते, हे महत्त्वाचं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच लिखित मजकूर आणि खुणा आहेत, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचारांचा हक्क सगळ्यांना दिला. तर मग ओपीडीत केसपेपरसोबत एक कोरा कागद द्यायला काय हरकत आहे? ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांचे कार्ड ठेवा. नातेवाईकांना थोडा वेळ बाहेर बसवा. आणि तो कागद डॉक्टरशिवाय कोणाच्या हाती पडायला नको, नाहीतर कोणी लिहिणारच नाही.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चोवीस तास, फुकट, चांगलंच आहे ते, पण ज्याला बोलताच येत नाही त्याने कॉल करून काय करावं? मराठीत टाईप करून माणसाकडूनच उत्तर मिळेल अशी पक्की सोय करा, अन् ती नंबर इतकीच ठळक छापा.

सुरुवात आमच्या प्रादेशिक मनोरुग्णालयापासून करा, ते तुमच्याच खात्यात येते. मेडिकल आणि मेयो ही नागपूरची दोन मोठी सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत, त्या मंत्र्यांशी तुम्हीच बोलून घ्या, आणि पुढच्या अधिवेशनाआधी परिपत्रक काढा.

आपली,
नागपूरची एक पेशंट