वाजणाऱ्या कानांची निगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला मराठवाड्यात कापूस घरात येतो, जिनिंग सुरू होतात, पाठोपाठ साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. मिरवणुका, फटाके आणि लग्नसराईचे डीजेही याच महिन्यांत. कानात शिट्टी वाजते, रातकिडे ओरडतात, घूं घूं होते, अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे कान तपासायला येणाऱ्यांच्या तोंडी हमखास एक वाक्य असते: ‘कान तर गेलाच आहे, आता काय जपायचा?’ हा समज घातक आहे, म्हणून हे पत्र.

आतल्या कानात जन्मतः आवाज टिपणाऱ्या साधारण 15 ते 16 हजार केसपेशी असतात. एकदा मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने आधी 3000 ते 6000 हर्ट्झ या उंच सुरांच्या पट्ट्याचे ऐकणे जाते. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, 4000 च्या आसपास खड्डा दिसतो. स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांचा बारीक भाग याच वरच्या पट्ट्यात असतो, म्हणून माणूस म्हणतो, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ यानंतरही कान आवाजात राहिला तर खड्डा रुंदावत 2000 हर्ट्झकडे सरकतो आणि मग घरातले साधे बोलणेही हातचे जाते. म्हणजे ज्याचा कान वाजतो आहे, त्याच्याकडे गमावायला कमी उरलेले असते. जपणुकीची जास्त गरज त्यालाच आहे. कानाकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपली संवेदना वाढवतो, आणि त्यातून बाहेर नसलेला आवाज ऐकू येतो, असे टिनिटसचे, म्हणजे कान वाजण्याचे, आज सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण आहे.

किती आवाज चालतो? 85 डेसिबल आठ तास, ही काळजी घेणारी मर्यादा. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा: 88 ला चार तास, 94 ला एक तास, 100 ला फक्त 15 मिनिटे. आपल्याकडच्या कारखान्यांसाठीची मर्यादा आठ तासांना 90 डेसिबल अशी सैल आहे. दुखावलेल्या कानाने ती आपली मानू नये. मोबाइलवरचे आवाज मोजण्याचे अ‍ॅप पाच-दहा डेसिबलने सहज चुकते. त्यापेक्षा सोपी खूण आहे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला, की 85 ओलांडले असे समजावे. बिनकेबिनचा ट्रॅक्टर, मळणी यंत्र, जिनिंगचा हॉल, जालन्याच्या रोलिंग मिल, वाळूजची प्रेस शॉप या ठिकाणी ही खूण जवळजवळ रोजच पटते. कामावरून सुटल्यावर कानाला दडे बसले असतील, तर त्या दिवशी मात्रा जास्त झाली. सकाळी दडे सुटले म्हणजे नुकसान झालेच नाही, असे मात्र नाही.

कापसाचे बोळे कोंबून आवाज जेमतेम कमी होतो. व्हॅसलीन लावलेला बोळा पाणी अडवतो, आवाज नाही. रुमाल बांधल्याने धूळ थांबते, बाकी काही नाही. इअर प्लगच हवा, आणि तो नीट बसायला हवा. फोमचा प्लग स्वच्छ, कोरड्या बोटांनी सुरकुती न पाडता दाबत बारीक वळायचा. डोक्यावरून दुसरा हात नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढायची, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बरेच लोक ही शेवटची पायरी गाळतात; मग प्लग फुगताना बाहेर सरकतो आणि नुसता कानाच्या तोंडाशी लटकत राहतो. बसला की नाही हे पाहायला गोंगाटातच दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबावेत. आवाज आणखी खूप कमी झाला तर प्लग बसलेला नाही. नीट बसला असेल तर स्वतःचे बोलणे डोक्यात घुमल्यासारखे वाटते. काढताना हळू पिळत काढावा, झटक्याने ओढल्यास पडदा दुखतो.

पाकिटावर एनआरआर (प्लग किती आवाज कमी करतो त्याचा आकडा) 33 लिहिलेला असला तरी प्रत्यक्षात 33 डेसिबल कमी होत नाहीत. आकड्यातून 7 वजा करून निम्मे करावे, म्हणजे 13. तेव्हा 98 डेसिबलच्या हॉलमध्ये कानाशी साधारण 85 उरतात. त्याहून जास्त आवाज असेल तर प्लगवर इअर मफ, म्हणजे पूर्ण कान झाकणारी टोपणे, चढवावा. दोन्हींची बेरीज मात्र होत नाही, जास्त असलेल्या आकड्यात सुमारे 5 डेसिबलची भर पडते. मफ कातडीला चिकटून बसला पाहिजे. चष्म्याच्या काड्या, दाढी, टोपी यांतून आवाज आत शिरतो. जिनिंगमधल्या बाया धुळीसाठी डोक्याला आणि कानाला रुमाल गुंडाळतात आणि मफ त्यावर लावतात. तो मफ निरुपयोगी ठरतो. त्यांनी आधी प्लग घालावा, मग रुमाल बांधावा. हात तेलकट किंवा धुळीचे राहत असतील तर फोमऐवजी दोरीचे सिलिकॉन प्लग घ्यावेत. ते वळावे लागत नाहीत, साबणाने धुऊन कोरडे करता येतात. फोमचा प्लग धुऊ नये, कडक किंवा मळका झाला की टाकावा. कान वाहत असेल तर कुठलाच प्लग नको. मफ वापरावा आणि आधी डॉक्टरांना दाखवावे.

सर्वात मोठी गळती मात्र ‘जरा काढला होता’ यातून होते. 100 डेसिबलच्या शिफ्टमध्ये फोन घ्यायला, मिस्त्रीशी बोलायला मिळून अर्धा तास प्लग काढला, तर त्या अर्ध्या तासातच दिवसभराच्या मर्यादेच्या दुप्पट आवाज कानात गेला. उरलेले साडेसात तास कितीही नीट घातलेला असला, तरी ते भरून निघत नाही. बोलायचे असेल तर हॉलच्या बाहेर येऊन काढावा, घालूनच परत आत जावे.

मोकळ्या मैदानात एकाच स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती तो परतवतात आणि डीजेची तर स्पीकरांची भिंतच असते, त्यामुळे तिथे दहा पावले मागे सरकून फारसे काही साधत नाही. बाजूची गल्ली गाठावी. छातीत धडधडणारा खर्ज प्लग पूर्ण अडवू शकत नाही. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिक्षेपकाचा आवाज भोवतालच्या मर्यादेपेक्षा 10 ने जास्त किंवा 75, यातले जे कमी असेल त्यापलीकडे जाता कामा नये. वर्षातल्या पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंतची जी सवलत देता येते ती वेळेची आहे, डेसिबलची नाही. हे मंडळांनी आणि पोलिसांनी दोघांनीही ध्यानात घ्यावे. तक्रारीसाठी 112 आहे. सुतळी बॉम्बची गोष्ट वेगळी: तिथे मिनिटे मोजायला वावच नसतो, जवळ फुटलेला एकच पुरतो.

आता उलट बाजू. टिनिटसने धास्तावलेली काही माणसे दिवसभर, घरातसुद्धा, प्लग घालून बसतात. भांड्यांचा आवाज, मुलांचे ओरडणे बोचते म्हणून. असे करू नये. कान शांततेत कोंडला की मेंदू आणखी संवेदनशील होतो. आतला आवाज वाढतो आणि बाहेरचा साधा आवाजही सोसेनासा होतो. प्लग फक्त गोंगाटात. घरात उलट थोडा आवाज असू द्यावा. थंडीत पंखा बंद झाला किंवा रात्री लाइट गेली की कानातली शिट्टी एकदम पुढे येते. त्यासाठी पावसाचा किंवा पंख्याचा आवाज मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवावा आणि उशाशी, इअरफोन न लावता, शिट्टीपेक्षा किंचित कमी लावावा. शिट्टी झाकायची नाही, दुसऱ्या आवाजात मिसळू द्यायची. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने अनेकांचा टिनिटसही सुसह्य होतो.

टिनिटस मुळातून घालवणारे सिद्ध औषध आज नाही. जिंको या वनस्पतीच्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत. झोप आणि चिंता यांवर बोलून केलेले उपचार, म्हणजे सीबीटी, यांचा उपयोग दिसलेला आहे. जीव घाबरा होत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करावा. कानात गरम तेल, काडी, पिन काहीही नको. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी इंजेक्शने घेण्यापूर्वी डॉक्टरांना कान वाजतो हे सांगावे, पण टीबीसाठी असे औषध चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नये.

काही बाबतींत वाट पाहू नये. एका कानाचे ऐकणे अचानक गेले तर त्याच दिवशी, उशिरात उशिरा 72 तासांत, कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दिवसांत जास्त होतो. ‘मळ असेल’ म्हणत आठवडा घालवणे महागात पडते. एकाच कानात वाजणे, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजणे, सोबत चक्कर येणे, हेही दाखवायलाच हवे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत.

जिनिंग, कारखाने आणि मिलच्या मालकांना विनंती आहे की हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कामगाराचा ऑडिओग्राम करून घ्यावा आणि त्याची एक प्रत कामगाराच्या हाती द्यावी. तपासणीआधी किमान 14 तास कान गोंगाटापासून दूर असला पाहिजे, म्हणून ती सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, शिफ्टवर जाण्याआधी करावी. शिफ्टनंतर केली तर दडे बसलेला कानच कागदावर उतरतो. आवाजाने आलेले बहिरेपण कायद्याने व्यवसायजन्य आजार आहे, आणि भरपाई मागताना आधीचा ऑडिओग्राम नसेल तर नुकसान कामामुळे झाले हे दाखवणे कामगाराला फार जड जाते.

आपला,
एक ऑडिओलॉजिस्ट, जालना