सी मोटर लावण्याआधी

प्रिय राजा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या मॉडेल रॉकेटला थेट सी मोटर लावायची असं तू ठरवून टाकलंयस. मी ‘अजून नाही’ म्हटलं की तुझं ‘का?’ तयारच असतं. त्या ‘का’ला नीट उत्तर द्यायला हवं, आणि बोलता बोलता ते निसटतं. म्हणून लिहायला बसले.

मोटरवरचं अक्षर एकूण आवेग सांगतं, म्हणजे सरासरी रेटा गुणिले तो जितके सेकंद टिकतो तो वेळ. ए मोटरची वरची मर्यादा 2.5 न्यूटन-सेकंद, बीची 5, सीची 10. अक्षर एकाने पुढे सरकलं की मर्यादा दुप्पट. म्हणजे तू आत्ताच्या ए मोटरच्या चौपट मागतोयस. तुझ्या मोटरवर लिहिलेल्या ए8-3 मधला 8 म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा 3 म्हणजे इंधन संपल्यावर पॅराशूट बाहेर फेकणारा बार किती सेकंदांनी उडणार ते. तुझी नजर अक्षरावर असते. माझी त्या शेवटच्या आकड्यावर. इंधन संपलं तरी रॉकेट वेगाच्या जोरावर वर जातच असतं. बार लवकर उडाला तर पॅराशूट भरवेगात उघडतं आणि त्याची दोरी कागदी नळी चिरत जाते. उशिरा उडाला तर रॉकेट तोवर नाक खाली करून जमिनीकडे निघालेलं असतं. मोटर बदलली की हे सगळं गणित नव्याने मांडावं लागतं.

पण माझं मुख्य म्हणणं वेगळंच आहे. तुझं चित्र मी बराच वेळ पाहिलं. लांब निमुळता नोज कोन, म्हणजे नाकाचं टोक, आणि मागे झुकलेले तीन फिन, म्हणजे शेपटाचे पंख. देखणं झालंय, खरंच. फक्त फिन लहान आहेत.

हवेत रॉकेट वळतं ते आपल्या गुरुत्वमध्याभोवती, म्हणजे जिथे त्याचा तोल साधतो त्या बिंदूभोवती, दार बिजागरीभोवती वळतं तसं. ते जरा तिरकं झालं की हवा बाजूने ढकलते, आणि तो सगळा धक्का जणू एकाच बिंदूवर पडतो. तो दाबाचा मध्य. तो गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर हवा शेपूट जागेवर आणते आणि नाक पुन्हा सरळ होतं. पुढे असेल तर तीच हवा रॉकेटला गरकन फिरवते, आणि मग ते कुठे जाईल याचा नेम नाही. दोन मध्यांत निदान नळीच्या व्यासाएवढं अंतर हवं. फिन लहान केले की दाबाचा मध्य पुढे सरकतो. सी मोटर ए पेक्षा जड, ती बसते शेपटाला, म्हणजे गुरुत्वमध्य मागे सरकतो. तुला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी तेच अंतर खातात, एक इकडून आणि एक तिकडून. माझा ‘अजून नाही’ तिथून आलाय.

हे माझ्या शब्दावर मानू नकोस, तपासून बघ. रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती पुठ्ठ्यावर मूळ मापात काढ, काप, आणि पट्टीच्या कडेवर तोलून बघ. तोल साधतो तिथे दाबाचा मध्य धरायचा. खरा मध्य याहून थोडा मागेच असतो, त्यामुळे ही पद्धत सुरक्षित बाजूची. मग मोटर, पॅराशूट सगळं भरलेलं रॉकेट तोलून गुरुत्वमध्य काढ, तिथे दोरा बांध आणि मोकळ्या जागेत डोक्याभोवती गरगर फिरव. नाक पुढे ठेवून फिरलं तर उत्तम. शेपूट पुढे आली किंवा लोळायला लागलं, तर फिन मोठे कर नाहीतर नाकात थोडी माती भर.

फिन कापताना बाल्साच्या हलक्या लाकडातल्या रेषा बघ. त्या फिनच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात. आडव्या गेल्या तर उतरताना फिन नळीपाशीच कटकन मोडतो. पुढची कड पॉलिश पेपरने गोल कर, मागची पातळ. आणि नळीला चिकटवल्यावर सांध्यात गोंदाची एक बारीक रेघ सोडून बोटाच्या टोकाने ती एका दमात ओढून घे. मधे थांबलास की तिथे गाठ येते.

इंधनाचं मात्र काही तपासायचं नाही. मोटर उघडायची नाही, घरी काही मिसळायचं नाही, कधीच नाही. हा छंद त्याच काळजीतून आला. ऑर्विल कार्लाइल या अमेरिकेतल्या बुटांच्या दुकानदाराने भावासोबत 1954 मध्ये तयार मोटरवर उडणारं कागदी रॉकेट बनवलं. तिकडे हॅरी स्टाइन हा रॉकेट अभियंता मुलांनी घरी इंधन बनवण्यातले धोके ओळखून त्याबद्दल लिहीत होता. 1957 मध्ये कार्लाइलची रॉकेटं त्याच्या हाती पडली आणि त्याला हवं ते उत्तर मिळालं. माणसांचे हात-डोळे शाबूत राहावेत म्हणून हे खेळणं जन्मलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता मैदान. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री या अमेरिकेतल्या मॉडेल रॉकेट संघटनेच्या नियमांत ए मोटरसाठी मैदानाची लहान बाजू निदान 30 मीटर, बीला 60, सीला 120. आपलं मैदान पायांनी मोजून बघ. सीला पुरत नाही. बटण दाबताना सगळे निदान 5 मीटर लांब, लाँचरची किल्ली तुझ्या खिशात, आणि पेट घेतला नाही तर किल्ली काढून पुरता एक मिनिट जवळ जायचं नाही. तुझा हात तेव्हा शिवशिवतो, मला माहीत आहे.

ए मोटरवर करण्यासारखं अजून खूप आहे. उंची मोजू. कोनमापकाला दोरा आणि वजन लटकवून लाँचरपासून 50 मीटरवर उभं राहायचं, वारा आपल्या समोरून आडवा जाईल अशा बेताने. रॉकेट अगदी वर पोचलं की कोन वाचायचा. 45 अंश आला तर 50 मीटर, 60 आला तर सुमारे 87, वर डोळ्याची उंची मिळवायची. फिन मोठे केल्यावर किती मीटर गमावले ते तुझं तुलाच दिसेल, आणि बी मोटर मागताना तुझ्या हातात आकडे असतील.

बाल्सा आणि पुठ्ठा टेबलावर ठेवलाय. पहिल्या उड्डाणाला बटण तू दाब, कोन मी वाचते, दुसऱ्याला अदलाबदल. फिन आज रात्री चिकटवलेस तर सकाळपर्यंत हात लावू नकोस.

तुझी,
आई