माझ्याच आठवणीची दुरुस्ती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षदिनी आपण वाचकांच्या आठवणींची पुरवणी काढलीत. तीत माझीही आठवण चौकटीत, फोटोसकट छापून आली. ती चुकीची आहे. चूक आपल्या उपसंपादकांची नाही आणि मुद्रितशोधकाचीही नाही. ती सर्वस्वी माझी आहे, म्हणून हे पत्र.

छापून आलेला मजकूर थोडक्यात असा : ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गाव नुकतंच आडवं झालेलं. मी सोलापूर स्टेशनावरच्या मेल ऑफिसात रात्रपाळीला. चारच्या सुमारास जमीन हलली, सॉर्टिंगच्या खणांतली पत्रं भराभरा खाली आली आणि पंढरपूरची थैली हातातून टाकून मी फलाटावर धावलो. हे मी गेली तीस वर्षं सांगत आलोय. लग्नकार्यात सांगितलंय, पेन्शनरांच्या कट्ट्यावर सांगितलंय, नातवंडांना तर थैली टाकण्याच्या अभिनयासकट.

पुरवणी आली त्याच दिवशी दुपारी माझ्या जुन्या सहकाऱ्याचा बार्शीहून फोन आला. "अरे बाबा, त्या रात्री तू होतास कुठे? ती थैली मी टाकली होती!" मी भडकलो. पाऊण तास वाद झाला. मी त्याला वय झालं म्हणालो, त्याने मला त्याहून वाईट काहीतरी म्हटलं. ते इथे लिहीत नाही.

मग कराडच्या आमच्या अक्काची आठवण झाली. अक्का आलेलं प्रत्येक पत्र तारेला अडकवून ठेवायची. ती गेल्यावर भाचीने त्या तारा ट्रंकेत जपून ठेवल्या, हे तिचे उपकार. तिने शोधून एक अंतर्देशीय पत्र मला पाठवलं. तारीख १ ऑक्टोबर १९९३. अक्षर माझं. "काल पहाटे मोठा धक्का बसला. मी रजेवर घरीच होतो, बाळूला ताप आहे. झोपाळ्याच्या कड्या वाजल्या म्हणून जाग आली. सगळे अंगणात येऊन बसलो. काळजी नसावी." वर सोलापूरचा त्याच दिवसाचा शिक्का आणि मागे कराडचा ४ तारखेचा. मध्ये गांधी जयंती आणि रविवार आल्याने तीन दिवस लागले, एरवी लागले नसते.

माणसाच्या शब्दावर मी आयुष्यात फार विश्वास ठेवलेला नाही, पण पोस्टाच्या शिक्क्यावर ठेवलाय. तरीही खरं सांगतो, पत्र वाचून पहिला विचार आला तो असा : अक्षर माझंच आहे, पण हे असं झालं नव्हतं.

शरीरशास्त्र शिकवणारी माझी एक पुतणी आहे. तिला हे सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "काका, अगदी हेच वाक्य अमेरिकेतल्या मुलांनी म्हटलंय." २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान आकाशात फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अटलांटाच्या एमरी विद्यापीठात उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या १०६ विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे, कशी, कोणाकडून कळली. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. पाव मुलांचं एकही उत्तर आधीच्याशी जुळलं नाही, पूर्ण जुळलं ते फक्त तिघांचं. आणि चुकणारे बरेचजण अगदी छातीठोकपणे सांगत होते. आपल्याच हातचा कागद समोर ठेवल्यावरही काहीजण म्हणाले, अक्षर आमचं खरं, पण आठवतं ते वेगळंच. मोठ्या धक्क्याच्या आठवणी दगडावर कोरल्यासारख्या राहतात असं आपण समजतो. कोरीव असतो तो आपला विश्वास.

इथे मला माझ्या धंद्याबद्दल बोललंच पाहिजे. आपल्याच पुरवणीत अग्रभागी एक लेख होता, त्यात मेंदूला कप्प्याकप्प्यांच्या कपाटाची उपमा दिली होती. एक आठवण एका कप्प्यात, हवी तेव्हा काढायची, पाहून परत ठेवायची. आमच्या सॉर्टिंग केससमोर, म्हणजे गावागावाची पत्रं लावायच्या खणांच्या कपाटासमोर, एकतीस वर्षं उभा राहिल्यामुळे मीही इतके दिवस असंच समजत होतो. माढ्याचं पत्र माढ्याच्या खणात. बाहेर काढाल तेव्हा टाकलं होतं तसंच हाती येणार.

पुतणीने समजावलं ते निराळं आहे. मेंदूत अख्खं पत्र कुठल्याच खणात नसतं. दिसलेलं मागच्या बाजूला, ऐकलेलं कानाजवळच्या भागात, भीती अमिग्डाला नावाच्या बदामाएवढ्या गाठीच्या आसपास. म्हणजे शाई एकीकडे, कागद दुसरीकडे, तिकीट तिसरीकडे! कोणती शाई कोणत्या कागदाची, याची नोंद ठेवणारा तो हिप्पोकॅम्पस, दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, समुद्रघोड्याच्या आकाराचा. तो गोदाम नाही, तो आमच्यासारखा सॉर्टर आहे. आठवण काढायची म्हणजे सगळे तुकडे गोळा करून पत्र नव्याने जुळवायचं. तुकडा कमी पडला तर जवळपासचा घ्यायचा. आणि शिक्का मारणारा कोणी नाही.

एवढंही नाही. काढलेली आठवण परत ठेवताना ती काही काळ ओली असते. २००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादेर आणि जोसेफ लडू यांनी उंदरांना एका आवाजाची भीती शिकवली. नंतर तो आवाज ऐकवून भीती जागी केली आणि लगेच मेंदूत नवी प्रथिनं बनू न देणारं औषध सोडलं, तर भीती पुसली गेली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं, तर भीती शाबूत राहिली. म्हणजे आठवण वापरली की ती पुन्हा पक्की करावी लागते, आणि त्या वेळी काहीही मिसळू शकतं. मी माझी गोष्ट तीस वर्षांत किती वेळा बाहेर काढली असेल याचा हिशेब नाही.

झालं ते असं असावं. रजेवरून परतल्यावर सहकाऱ्याने ती रात्र मला त्याच केससमोर, तीच थैली दाखवत सांगितली. जागा माझी रोजची, खण माझे, कंदिलासारखा पिवळा तो दिवाही माझ्या ओळखीचा. चित्र पूर्ण तयार होतं, फक्त माणूस बदलायचा होता. काय घडलं हे मेंदू लक्षात ठेवतो, कोणाकडून कळलं हे फार लवकर सोडून देतो.

आपल्या वार्ताहरांचाही थोडा हातभार आहे, रागावू नये. त्यांनी फोनवर विचारलं, "सगळे खण कोसळले असतील ना?" तोवर मी कधीही 'भराभरा' म्हटलेलं नव्हतं, दहावीस पत्रं पडली एवढंच म्हणायचो. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस यांनी मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवून काहींना विचारलं, गाड्या आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा किती होता. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? पहिल्या गटात ५० पैकी १६ जण हो म्हणाले, दुसऱ्यात ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. पुढच्या वेळी आपण नुसतं "मग काय झालं?" एवढंच विचारावं.

आता माझी बाजूही थोडी मांडतो, नाहीतर म्हातारा खोटारडा ठरायचा. माझी सगळीच स्मृती भुसभुशीत नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, कोकणातले संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या डोक्यातून. त्याआधीचे लोक नुसत्या नावांवर पत्रं लावायचे. महाराष्ट्रात वडगावं किती आहेत ते सॉर्टरला विचारा. मी आलो तेव्हा ४१३ म्हटलं की हात सोलापूर-लातूर-उस्मानाबादकडे वळायचा. आज मला विचारलंत, सांगोल्याचा खण वरून कितवा, तर सांगता येणार नाही. पण रिकाम्या भिंतीसमोर उभं करा आणि हातात पाकीट द्या, हात बरोबर तिथे जातो. बायकोने करायला लावून पाहिलंय.

हे खातंच वेगळं आहे म्हणे. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनच्या डोक्यातून १९५३ साली, त्याच्या सत्ताविसाव्या वर्षी, अपस्मार थांबावा म्हणून दोन्हीकडच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला. त्यानंतर २००८ मध्ये मरेपर्यंत त्याला नवीन भेटलेला माणूस लक्षात राहिला नाही. पण ब्रेंडा मिल्नर या बाईंनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर तीन दिवसांत त्याचा हात साफ बसला. रोज तो म्हणायचा, हे मी आधी कधी केलंच नाही. हाताला मात्र माहीत होतं.

तर विनंती अशी. एक, माझ्या नावावर छापलेली आठवण ही माझ्या सहकाऱ्याची आहे, असा खुलासा करावा. त्याला नाव छापलेलं नको आहे, मात्र अंक हवा आहे. दोन, पुढच्या वर्षी आठवणी मागवाल तेव्हा त्या दिवसांतलं पत्र, रोजनिशी, रजेचा अर्ज, काही असेल तर तेही मागवा. आता अंतर्देशीय कोणी लिहीत नाही, पण १९९३ चे कागद अजून कुठल्या ना कुठल्या ट्रंकेत असतील. दोन्ही शिक्के दिसतील अशी झेरॉक्स सोबत जोडली आहे.

सहकाऱ्याची माफी मागून झाली. बाळूला फोन केला, तो आता पुण्यात असतो. त्याला तो ताप आठवत नाही. मी रोज ते पत्र वाचतो. झोपाळ्याच्या कड्या ऐकायचा प्रयत्न करतो, त्या काही वाजत नाहीत. पत्रं मात्र अजून पडतात.

आपला,
एक सेवानिवृत्त सॉर्टर, आरएमएस (रेल्वे मेल सर्व्हिस)
सोलापूर
(नाव-पत्ता आपल्या दप्तरी आहेच, पिनकोडसकट.)