लाखेची चिंबोरी आणि पोटाखालची अंडी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीत चिंबोरीच्या रश्श्याची रेसिपी आली होती, मसाला झकास आहे, केला पण आम्ही. पण शेवटी टीप दिलीय की पोटाखाली अंडी दिसली तर मादी सोडून द्या, नाहीतर लाखेची मादीच घ्या, चव तिलाच. आता खाडीकाठी जन्म गेला म्हणून लिहितोय, या टीपेत सगळा घोळ झालाय.

लाख म्हणजे काय, तर पाठीच्या कवचाखाली मादीचं बीजाशय असतं इंग्रजी एच अक्षरासारखं, ते आधी पांढुरकं, मग पिवळं आणि पिकलं की नारिंगी होतं, शिजल्यावर घट्ट लागते ती हीच. म्हणजे लाख ही अंडीच, फक्त अजून बाहेर न आलेली. (नरात पण पिवळट मऊ काहीतरी निघतं ते यकृतासारखं असतं, लाख नव्हे, कोळीण काही सांगो.)

मादी वयात येताना कात टाकते, तेव्हा पोटाखालचं तिकोनी झाकण रुंद, गोल आणि काळपट होतं, म्हणून बाजारात उलटी करून बघतात. त्याआधी नर तिला काही दिवस पोटाखाली धरून फिरतो, ती कात टाकून मऊ पडली की मीलन होतं, आणि ते बीज ती आतल्या दोन पिशव्यांत महिनोन्महिने जपून ठेवते, एकाच मीलनावर दोन-तीनदा अंडी घालू शकते! अंडी बाहेर येताना फळतात आणि झाकणाखालच्या केसाळ पायांना चिकटून राहतात, आधी नारिंगी, पिलं निघायच्या वेळी काळपट. मोठ्या मादीला एका खेपेला वीस-तीस लाख सहज. लाख हे नाव रंगावरून पडलं असणार, पण आकड्यालाही शोभतं.

खरी गोम पुढे आहे. पिलांना समुद्राचं खारं पाणी लागतं, पावसात खाडी गोडी होते तिथे ती जगणार नाहीत, म्हणून भरलेली मादी खाडी सोडून समुद्रात जाते आणि अंडी बहुतेक तिकडेच घालते. म्हणजे पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी खाडीच्या पिंजऱ्यात क्वचितच दिसणार, मग सोडायची कुठली? आपल्याला मिळते ती लाखेची, वाटेवर निघालेली. पिलं पुढे तीन-चार आठवड्यांनी, तांदळाएवढी होऊन कांदळवनात परततात, तीही लाखात एखादीच.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते ती यांत्रिक होड्यांना, खाडीतले पिंजरे चालूच, आणि अमावास्येला भरलेली मिळते म्हणून गर्दी तेव्हाच जास्त. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला तर मादी पकडायलाच बंदी आहे, नर पण 15 सेंटिमीटरच्या वरचाच. आपल्याकडे तेवढं कोणी ऐकणार नाही हे मला कळतं, ज्याचं पोट त्यावर आहे त्याला काय सांगणार. पण गिऱ्हाईकाने नर मागितला तर कोळीण नर देते, नांग्या मोठ्या, मांस भरपूर, रश्श्याला काही कमी पडत नाही.

तर पुढच्या रविवारी टीप बदलून छापा एवढंच म्हणणं, रेसिपी तशीच ठेवा. आणि खोबरं जरा जास्त भाजायला सांगा.

आपला,
खाडीकाठचा एक वाचक, अलिबाग तालुका