माहेरी तान्ही मुले दगावली असतील, तर बीसीजीआधी लिम्फोसाइट मोजा

मा. संपादक,
स. न.

पुण्यातल्या प्रसूतिगृहांत बाळ घरी जाण्याआधी डाव्या दंडावर बीसीजी ही क्षयरोगाची लस टोचतात, पोलिओचे थेंब पाजतात. ते योग्यच आहे, कुणीही घाबरून लांबवू नये. मात्र बाळाचा मामा, मावसभाऊ किंवा सख्खे भावंड तान्हेपणी न्यूमोनियाने वा जुलाबाने गेले असेल, तर घराण्यात जन्मजात रोगप्रतिकारशक्ती नसण्याचा दोष (एससीआयडी) असू शकतो; म्हणून आधी रक्त तपासा.

टी पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, छातीतल्या थायमस ग्रंथीत घडतात त्या इंटरल्यूकिन-७ या संदेशवाहक प्रथिनाच्या संदेशावर. तो संदेश झेलणाऱ्या पेशीवरच्या रिसेप्टरची गॅमा साखळी (त्याचा एक भाग) जॅक-३ या प्रथिनाला जागे करते, ते स्टॅट-५ या दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडते आणि स्टॅट-५ केंद्रकात शिरून पेशी जगवणारी जनुके चालू करते. गॅमा साखळी किंवा जॅक-३ निकामी असेल तर टी पेशी जवळपास तयारच होत नाहीत. गॅमा साखळीचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने मुलगे आजारी पडतात, आई ठणठणीत असते. जॅक-३ चा दोष मुलींनाही होतो. मामे-आते भावंडांत लग्न झालेल्या घरांत त्याचा धोका जास्त. अशा बाळात बीसीजीतले जिवंत जंतू काखेच्या गाठीपाशी न थांबता यकृत, प्लीहा, अस्थिमज्जेत पसरतात.

सुरुवात साध्या सीबीसीने (रक्तातल्या पेशींच्या मोजणीने) होते, पण रिपोर्टातल्या टक्केवारीवर विसंबू नका. पांढऱ्या पेशी ८,००० आणि लिम्फोसाइट २० टक्के म्हणजे प्रत्यक्षात १,६००. मोठ्या माणसाला हा आकडा चालतो, म्हणून लॅबच्या छापील मर्यादेत बसतो आणि नजरेतून निसटतो. तान्ह्या बाळात ३,००० च्या खाली आला की फ्लो सायटोमेट्री (पेशींचे प्रकार वेगळे मोजणारी तपासणी) हवीच. आकडा चांगला आला तरी निर्धास्त होता येत नाही. या दोषात बी पेशी (लिम्फोसाइटचाच दुसरा प्रकार) शिल्लक असतात, कधी आईच्या टी पेशी बाळात उतरलेल्या असतात. म्हणून घराण्यात असे मृत्यू असतील तर सीडी-३, सीडी-१९, सीडी-५६ आणि सीडी-४५आरए या पेशींवरच्या ओळखखुणा थेट मोजाव्यात. पुण्यात रक्ताच्या कर्करोगासाठी वापरतात तेच यंत्र इथे चालते. रक्त ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत घ्यावे, फ्रिजमध्ये ठेवू नये, २४ तासांत पोचवावे.

निकाल येईपर्यंत बीसीजी, तोंडाने पोलिओ आणि सहाव्या आठवड्याचा रोटाव्हायरस डोस थांबवावा, हिपॅटायटिस-बी चालते. रक्त चढवायची वेळ आलीच तर ते विकिरणित (किरणांनी त्यातल्या लिम्फोसाइट निकामी केलेले) हवे, नाहीतर दात्याच्या लिम्फोसाइट बाळावरच उलटतात.

महापालिकेच्या आणि खासगी प्रसूतिगृहांना आमची विनंती आहे: नोंदणीच्या पहिल्याच कागदावर ‘सासर-माहेरी तान्ही मुले दगावली आहेत का?’ हा प्रश्न छापा, आणि उत्तर ‘हो’ असेल तर तो कागद लसीकरणाच्या टेबलापर्यंत पोचेल असे पाहा.

– रोगप्रतिकारशास्त्राचे अभ्यासक, पुणे