तो खोलगट कोपरा बुजवू नका

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला बागेचा आराखडा सवडीने पाहिला. जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम, मधोमध लॉन, कारंजं (वर्षभरात बंद पडतं ते!), हौसेला मोल नाही. खटकलं ते एकच. पावसाळ्यात पाणी तुंबतं तो कोपरा तुम्ही भराव टाकून सपाट करायला निघालात. भरावाने पाणी नाहीसं होत नाही रे, ते शेजारच्या कुणाच्या तरी तळमजल्यात शिरतं.

हिशेब करून बघ. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरमागे एक लिटर. एकरभर बागेवर तासात ५० मिलिमीटर कोसळला तर दोन लाख लिटर झाले. गटार एवढं एका दमात कुठून ओढणार? त्यापेक्षा तो कोपरा आणखी दोन-तीन फूट खोल घ्या, कडेने बसायला पायऱ्या करा आणि तळाशी खेळाचं मैदान ठेवा. रॉटरडॅमच्या बेंथेमप्लाइन चौकात २०१३ पासून हेच चालू आहे : एरवी पोरं तिथे बास्केटबॉल खेळतात, जोराचा पाऊस आला की तेच मैदान टाकी होतं. सगळी कुंडं मिळून सुमारे १७ लाख लिटर मावतं. कोपनहेगनने तर २ जुलै २०११ च्या ढगफुटीनंतर एंगहावे हे जुनं उद्यानच तसं करून घेतलं.

डासांचं कुणीतरी काढेलच. अंड्यातून निघून डास उडायला साधारण आठवडा लागतो. पाणी दोन दिवसांत उतरलं की प्रश्न मिटला. उतरेल का, ते आधीच तपासा. तिथे दीड फुटाचा खड्डा खणा, पाणी भरून एकदा पूर्ण जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी उभी धरून तासाला किती खाली जातं ते लिहून ठेवा. अर्धा इंचही उतरलं नाही तर खाली खडी-वाळूचा थर आणि निचऱ्याचा पाइप टाकावाच लागेल. कंत्राटदाराच्या 'जिरेल हो' वर जाऊ नकोस.

दुसरं, जुन्या झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक दाखवलेत. बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्याही पलीकडे पसरतात. तिथे जेसीबी फिरला की झाड दोन-चार वर्षांत हळूहळू वाळतं, आणि तोवर कुणालाच कारण आठवत नाही. ट्रॅक वळवा. दुपारची सावली तीच झाडं देणार आहेत.

आणि बैठकीला नुसते सकाळचे फिरणारे येत असतील, तर शाळकरी मुलींनाही बोलव. व्हिएन्नात १९९० च्या दशकात पाहणी झाली, तेव्हा नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत येईनाशा होतात असं दिसलं. एकच मोठं मैदान असलं की मुलगे ते व्यापून टाकतात. मग तिथल्या काही बागांत मैदानाचे लहान भाग पाडले. तुमच्या लॉनचंही तसं करता येईल.

आराखडा मंजुरीला कधी जातोय ते कळव. त्याआधी एक चांगला पाऊस झाला तर भर पावसात त्या कोपऱ्याचे फोटो काढ, पाणी कुठून येतं तेही दिसू दे. खड्ड्याचे आकडेही पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
जुना मित्र