आत्याला दिलेला शब्द

मुंबई, आषाढी एकादशी, रात्र

प्रिय बंड्या,

'देव असेल तर तो बिल्डर मोकळा कसा?' असं तू विचारून पंधरा दिवस झाले. उत्तर सुचत नव्हतं. आज आईला घेऊन वडाळ्याच्या विठ्ठलाला जाऊन आलो, म्हणून लिहितोय.

लालबागची आपली चाळ त्याने नव्या इमारतीसाठी पाडली, तिथे अजून खड्डाच आहे. पाणी साचून बगळे येतात. आपल्या खोलीत बगळे, बोल! बाहेर राहायला तो द्यायचा ते भाडं दोन वर्षं आलं, मग बंद. आम्ही अजून दिव्याला भाड्याच्या खोलीतच. केसला तारीख पडते. आणि गेल्या गणपतीत मंडळाच्या कमानीवर त्याचाच हसरा फोटो!

बाबा आठवले. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, "मी अजून संपावरच आहे." तेही वाट बघतच गेले.

कात्रक रोडच्या रांगेत मी आईवर चिडलो. म्हटलं, शिशुपालाचे शंभर अपराध कशाला मोजत बसला देव? दहाव्यालाच उडवायचं मुंडकं. आई म्हणाली, "आत्याला शब्द दिला होता ना. कृष्णाच्या मांडीवर ठेवल्यावर पोराचे जादाचे हात गळून पडले, तेव्हाच तिला कळलं, मरण याच्याच हातून. मग आई मागणार नाही तर काय?"

थोड्या वेळाने म्हणते, "त्या बिल्डरची आई भूमिपूजनाला आली होती. माझ्याकडे चहा घेतला. साधी होती रे. तिनेही काही मागितलं असेल."

मला रागच आला, खरं सांगतो. पण उशीर म्हणजे देव विसरला, एवढंच मी धरून बसलो होतो. कुणाला दिलेला शब्द पाळत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. तरी त्या शंभरांत ज्यांचं वाटोळं झालं त्यांचं काय? विचारलं, तर म्हणाली, "ते त्याला विचार. पुढे सरक."

विचारणार होतो, पण पायांवर डोकं टेकतोय तोच सेवेकऱ्याने पुढे ढकललं. तेवढ्यात 'तारीख सांभाळ' एवढंच तोंडातून निघालं. कुणाची, ते माझं मलाच कळलं नाही.

नाशिकच्या ट्रंकेत तुमच्या खोलीची जुनी भाडेपावती सापडली तर झेरॉक्स पाठव. वकीलबाईंना सगळ्यांच्या हव्यात. आईने तुझ्यासाठी बुक्का बांधून ठेवलाय.

तुझा,
बाळ्या